शाळेच्या नावाचं फावडं

६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती रक्तदाब लिहायला. सकाळी दंडाला पट्टा गुंडाळायचा, आकडा लिहायचा आणि खाली "मनावर ताण कशाने आला" तेही लिहायचं. वीस वर्षं मी शाळेची बस चालवली, शेवटची वर्षं तर खिंडीतून. बर्फात, धुक्यात, मागे चाळीस पोरं एकमेकांच्या उरावर. तेव्हा कुणी विचारलं नाही, लिब्राडा, तुला ताण येतो का म्हणून. आता निवृत्त झाले तर वही!

असो. आजचा दाब १३२. ताण: लेकीचा. इव्हॉनने फिनिक्सहून फोन केला आणि ठेवता ठेवता म्हणाली, "मम्मा, दामारिसची आठवी झाली की मी तिला इकडे आणणार. खोली तयार आहे. बिल्डिंगच्या खाली पोहायचा तलावसुद्धा आहे."

तिचं म्हणणं चूक नाही. आमच्या सान रोमुलोत आठवीपर्यंतच शाळा. हायस्कूल होतं, ते अकरा वर्षांपूर्वी सरकारने बंद केलं. मुलं कमी, खर्च जास्त म्हणे. तेव्हापासून पोरं खिंडीपलीकडे तालुक्याच्या गावी शिकायला जातात, नाहीतर आईबाप बिऱ्हाडच हलवतात. दामारिस माझ्याकडे आहे ती चार वर्षांची असल्यापासून, इव्हॉन नर्सिंग शिकायला गेली तेव्हापासून. आता सातवीत आहे.

पोरीला तुला जायचंय का म्हणून विचारलं नाही. हो म्हणाली तर मी काय करू?

११ जानेवारी

रेनाल्दो वीहिल आला होता. याला मी बसमध्ये रोज पुढच्या सीटवर बसवायचे, कारण मागे बसला की खोड्या. आता तालुक्याच्या हायस्कूलात गणित शिकवतो. लग्नाचं बघायचं सोडून याने डोक्यात शाळा घेतलीय.

"मावशी, आपलं हायस्कूल पुन्हा उघडायचं. लहानसं. पैसा सरकारचा, पण कारभार गावाचा. चार्टर शाळा म्हणतात त्याला. राजधानीतल्या आयोगाकडून सनद मिळवायची."

"आणि आयोग देणार?"

"ते आधी एकच विचारतात, गावाला शाळा हवी आहे का? हवी असेल तर दाखवा. म्हणून तुमच्याकडे आलो. गावातल्या प्रत्येक दारासमोर तुम्ही बस थांबवलीय."

कॉफी निवायच्या आत मी हो म्हणून बसले. शाळा उघडली तर दामारिस जाणार नाही, हे मी त्याला बोलले नाही. गावाचं भलं, असं म्हणाले. तेही खोटं नाहीच.

१९ जानेवारी

दाब १४१. ताण: सबंध गावाचा.

पाठिंब्याच्या सह्या गोळा करायला निघाले होते. सेफेरिनाकडे पहिल्यांदा, कारण ती माझी बालमैत्रीण आणि माझ्यासारखीच विधवा. मक्याच्या पोसोलेचा मोठा वाडगा पुढे ठेवला, वर लाल मिरचीचा रस्सा, शेजारणीच्या घटस्फोटाची बातमी. सगळं दिलं, सही नाही.

"अगं, शाळा हवी की नको तुला?"

"हवी म्हणजे काय! हवीच."

"मग कर की सही."

"घे गं, अजून एक बिस्किट घे."

चौदा घरं फिरले. सगळीकडे हेच. आमच्याकडे लोक जेवायला घालतील, अंगावरचा कोट काढून देतील, पण कागदाला हात लावणार नाहीत. पणजोबांच्या काळी कुणी वकील आला, चराईच्या परवान्यावर म्हणून सह्या घेतल्या आणि समोरचा सबंध डोंगर गेला. तेव्हापासून हे लोक पार्सलसुद्धा सही करून घेत नाहीत. कबूल, पणजोबा फसले. पण मी काय वकील आहे? आणि शाळा काय डोंगर आहे?

चार सह्या झाल्या. मी, रेनाल्दो, फादर आणि पोस्टातली बाई. ती तर या गावची पण नाही.

२ फेब्रुवारी

दाब १५०. ताण: ओनेसिमो.

ओनेसिमो आपोदाका आमचा पाटकरी. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी, हे तो ठरवतो. त्याच्या शब्दापुढे फादरचंही चालत नाही. शाळेत माझ्या दोन बाकं मागे बसायचा. तेव्हाही बोलायचा नाही, आताही बोलत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही मुलं खिंडीपलीकडे शिकायला गेली ती परत आलीच नाहीत.

वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन आला. जुन्या हायस्कूलच्या आवारातल्या झाडांचे. बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ऐकलं, तू शाळेसाठी फिरतेस," म्हणाला.

"फिरतेय. हे घे." मी कागद आणि पेन पुढे सरकवलं.

त्याने पेन उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि माझ्या बशीत ठेवलं. "पेन चांगलं आहे," म्हणाला. कॉफी प्यायला, उठला, गेला. काय म्हणावं या माणसाला! पाटकऱ्याने सही केली असती तर निम्म्या गावाने केली असती. गेल्यावर दाब घेतला तर हा एवढा. हा माणूस आला की माझं डोकं फिरतं, आधीपासूनच.

जर्दाळू मात्र गोड आहेत. त्या झाडांना अकरा वर्षं कुणी वाली नाही, तरी फळतात. चिवट जात.

१५ फेब्रुवारी

आज रेनाल्दोबरोबर जुन्या हायस्कूलात गेले. बघते तर मागच्या भिंतीला कुणीतरी जळणाची लाकडं रचून ठेवलेली. चांगली वाळलेली पिन्यॉनची, दोन गाड्या तरी भरतील. दोन खिडक्यांना नव्या काचा. बंद इमारत दिसली की लोक आपलं गोदाम करतात!

"मावशी, मला वाटतं, कुणीतरी शाळेसाठीच..." रेनाल्दो म्हणाला.

"अरे, सही करायला हात उचलत नाहीत ते लाकडं फोडून आणतील होय? भोळा आहेस."

दारावर पाटी लावून आले: इथे आपलं सामान ठेवू नये.

२७ फेब्रुवारी

आयोगाकडून फोन आला. सुनावणी ते इथेच गावात येऊन घेणार. बाई म्हणाल्या, लोक किती येतात ते आम्ही बघतो, सह्यांपेक्षा त्यालाच वजन. मार्चमधली कुठलीही तारीख सांगा.

मी पट्‌कन सांगितलं, शेवटचा शनिवार. सगळ्यांना सुट्टी. सही करत नाहीत तर नका करू, खुर्चीवर येऊन बसायला काय जातंय?

दाब १२८. आज स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

८ मार्च

खूश होते ना? फेडा आता.

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर ओनेसिमोने नेहमीसारखं जाहीर केलं, "पाटाचा गाळ काढायचा अठ्ठावीसला, शनिवारी. सकाळी सातला फावडं घेऊन."

अठ्ठावीस म्हणजे सुनावणीचा दिवस! मार्चअखेरचा शनिवार म्हणजे गाळाचा शनिवार, हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. आणि मी, इथे जन्मलेली, इथेच म्हातारी झालेली, विसरले. आमच्याकडे नियम पक्का. ज्याला पाटाचं पाणी हवं, त्या घरातून एक फावडं आलंच पाहिजे. फावडं नाही, तर त्या घराचा पाण्याचा वाटा जातो आणि गेलेला वाटा परत मिळत नाही. त्या दिवशी लोक लग्नाला जात नाहीत, मयताला जात नाहीत. सुनावणीला काय येणार!

मी तरी का विसरावं? तर सहा वर्षांपूर्वी आमचे एलिसेओ गेले, तेव्हापासून या घरातून फावडं जात नाही. विधवेच्या घराला माफी असते. अंत्यविधीच्या जेवणात ओनेसिमोनेच येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून हा दिवस माझ्या ध्यानातूनच गेला.

गर्दी पांगल्यावर त्याला गाठलं.

"तारीख बदल."

"बर्फ वितळायला लागलाय, लिब्राडा. पाणी एप्रिलच्या सुरुवातीला येणार."

"एक आठवडा पुढे ढकल."

"ते पाण्याला सांग."

"तुला शाळा नकोच आहे! सरळ सांग की, तोंड नाही का तुला?"

त्याने टोपी घातली आणि गेला. असा दगड माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. घरी येऊन आयोगाला फोन केला, तर पुढची तारीख म्हणे हिवाळ्यात. तोवर या वर्षीच्या सनदा वाटून संपलेल्या असणार.

दाब लिहीत नाही. डॉक्टरीणबाई घाबरतील.

१६ मार्च

दामारिस हल्ली गप्प असते. आज टेबलाशी बसून फोनवर तो फिनिक्सचा तलाव बघत होती. किती वेळ! मी पोळपाटावर टॉर्टिया लाटत होते, बघून न बघितल्यासारखं केलं.

"आजी, फिनिक्सला जायला खिंडीतूनच जावं लागतं का?"

"इथून कुठेही जायला खिंड लागतेच, बाळा."

"हं," म्हणाली आणि खोलीत गेली. मनाने पोचलीच आहे तिकडे. वय आहे तिचं. मी कशाला आड येऊ? हे लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याचं नाही. कांदा चिरून कधीच झाला होता.

खिडकीतून पाट दिसतो. गेल्या वर्षीचं आठवलं. गाळाच्या दिवशी सगळे आपापल्या वाटणीचा पाट खणून, जेवून, बिअर पिऊन घरी गेले, आणि ओनेसिमो दिवेलागणीला वाकून खणतच होता. मी दामारिसला म्हणाले होते, म्हातारा झाला गं, हात चालत नाहीत त्याचे. पाटकरी बदलायला हवा.

२८ मार्च

आज घडलं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी उठले तर दामारिस आजोबांचे बूट घालून दारात उभी. बुटात मोजे कोंबलेले. हातात एलिसेओचं फावडं.

"कुठे निघालीस?"

"पाटावर. सातची हजेरी चुकलीच."

"अगं, आपल्याला माफी आहे, मी विधवा आहे म्हणून."

"मी कुठे विधवा आहे?" म्हणाली आणि गेलीसुद्धा. या घरातल्या बायकांच्या जिभेला हाड नाही, हे एलिसेओ म्हणायचे ते खरंच.

दहाला आयोगाची तीन माणसं आली. त्यांच्या प्रमुख मिसेस हॅलोरन, उंच, पांढऱ्या केसांच्या, हसू राखून ठेवणाऱ्या. मी चर्चच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या. बसलेले कोण? मी, फादर आणि फादरचा कुत्रा. रेनाल्दो उभा राहून बोलला. फार छान बोलला हो पोरगा. किती मुलं, कोणते विषय, शिक्षक कुठून आणणार, सगळं. त्या साठ रिकाम्या खुर्च्यांसमोर त्याचा आवाज घुमत होता आणि मला मान वर करवत नव्हती.

मिसेस हॅलोरननी सगळं ऐकून घेतलं. "योजना चांगली आहे," म्हणाल्या. "पण गाव कुठे आहे?"

रेनाल्दोने माझ्याकडे बघितलं. मी उठले. "गाव पाटात आहे," म्हणाले. "चला, दाखवते. इथे खुर्च्या बघून काय करणार?"

तिघांना माझ्या ट्रकमध्ये बसवलं. "पट्टे लावा," म्हटल्यावर निमूट लावले. वीस वर्षांचा आवाज आहे माझा.

पाटावर जेवणाची सुट्टी झाली होती. चाळीस-पन्नास माणसं काठावर पाय सोडून बसलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. सेफेरिनाने मिसेस हॅलोरनचं नाव विचारायच्या आधी त्यांच्या हातात घेवड्याच्या उसळीची थाळी दिली. माझ्या दामारिसच्या तळहातांना फोड आले होते आणि ती ते पोरांना कौतुकाने दाखवत होती.

मग ओनेसिमो उठला. जेवणानंतर पुन्हा हजेरी घ्यायची आमची रीत आहे, कारण बिअर पोटात गेली की माणसं सटकतात. कागद नसतो. एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घराच्या फावड्याने हजर म्हणायचं.

"वीहिल!"

"हजर!"

"मार्केस!"

"हजर!" हे सेफेरिनाच्या भाच्याने, तोंडात घास ठेवून.

"किंताना!" म्हणजे आमचं घर.

"हजर," ओनेसिमो स्वतःच म्हणाला, आणि त्याच वेळी दामारिस ओरडली, "हजर!" दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सगळे हसले. ओनेसिमो कानापर्यंत लाल झाला. आमच्या घराचं उत्तर हा का देत होता, देव जाणे. वयोमानाने होतो माणसाचा गोंधळ.

नावं संपत आली. शेवटी तो म्हणाला, "शाळा!"

आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

यावर मात्र कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलंही नाही. फावडी उचलायला लागले.

"थांबा," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "कोणती शाळा?"

ओनेसिमोने टोपी काढली. "जुनी, बाई. हायस्कूल. तिचाही पाण्याचा वाटा आहे. जर्दाळूंसाठी."

"पण ते तर अकरा वर्षं बंद आहे ना?"

"बंद आहे. पण फावडं आलं नाही तर वाटा जातो. मग उद्या शाळा उघडली, तर पोरांनी झाडांना पाणी कुठून द्यायचं?"

"मग शाळेचा गाळ कोण काढतं?"

तो टोपीच्या आत बघत बसला. शेवटी सेफेरिनाच बोलली, "कोण म्हणजे काय! हाच. आधी स्वतःचा वाटा खणतो, मग शाळेचा. आम्ही सगळे घरी जातो तरी हा खणतच असतो. मदत करू म्हटलं की म्हणतो, तुमचं झालं ना, जा."

"तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही," ओनेसिमो म्हणाला. "मला वाटलं, उघडेल."

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी खिडकीतून या माणसाला वाकलेला बघत होते आणि म्हातारा झाला म्हणून हसत होते. मी वळून ट्रकचा आरसा पुसायला लागले.

मिसेस हॅलोरननी थाळी खाली ठेवली. "मग तुम्ही लोकांनी पाठिंब्याच्या सह्या का नाही केल्या?"

"तो डोंगर दिसतोय ना, बाई? तो आम्ही एकदा सही करून दिला," ओनेसिमो म्हणाला.

मग एकेकाला कंठ फुटला. लाकडं आमची आहेत, सेफेरिनाचा भाचा म्हणाला, पण कुणीतरी पाटी लावली, सामान ठेवू नये म्हणून, तर न्यायची का परत? काचा मी बसवल्या, दुसरा म्हणाला, तिसऱ्या खिडकीचं माप चुकलं तेवढं. मी आरसा पुसतच राहिले. आरसा आता चकचकीत आहे.

जाता जाता बाई दामारिसपाशी थांबल्या. "आणि तुला का हवी आहे शाळा इथे?"

दामारिसने आधी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "मला बस लागते."

"म्हणजे?"

"खिंडीत उलटी होते. दरवेळी. शाळेतून दात तपासायला नेतात तेव्हा, सहलीला, प्रत्येक वेळी. मी आजीला कधी सांगितलं नाही. ती बस चालवायची ना. तिला वाईट वाटेल."

सगळा पाट हसला. मिसेस हॅलोरनसुद्धा हसल्या, राखून ठेवलेलं सगळं. उत्तर जूनमध्ये, एवढंच म्हणाल्या, वचन काही दिलं नाही. बुटांतला चिखल झटकला आणि उरलेल्या टॉर्टिया रुमालात बांधून नेल्या.

घरी येताना पोरीला विचारलंच. "आणि तो फिनिक्सचा तलाव? तासन्‌तास बघत होतीस तो?"

"शी! आजी, त्यातलं पाणी बघितलंस का? किती हिरवं आहे! मी शोधत होते, त्यात बेडूक आहेत का."

"तुला जायचं नाही?"

"तू कधी विचारलंसच नाही," म्हणाली.

१ एप्रिल

ओनेसिमोची माफी मागायला हवी. काय बोलायचं याचा सराव करत होते, तेवढ्यात सेफेरिना आली, गाळाच्या दिवशीचं सगळं पुन्हा चघळायला. बोलता बोलता मी म्हणाले, "तुझा भाचा बिचारा दरवर्षी येतो तुझ्यासाठी. कशाला? आपल्याला माफी आहे ना."

"कसली माफी?"

"विधवांची."

सेफेरिनाने कप खाली ठेवला. "अगं, कुणी सांगितलं तुला? पाटावर विधवा नाही, सधवा नाही. फावडं म्हणजे फावडं. मी बारा वर्षं भाच्याला जेवायला घालून पाठवते, ते काय हौस म्हणून?"

मग ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. मग ती एवढी हसली, एवढी हसली, की ठसका लागला.

म्हणजे तीन वाटे. त्याचा, शाळेचा आणि आमचा. सहा वर्षं.

दाब १५८. ताण: काय लिहू?

६ एप्रिल

आज पाटाला पाणी आलं. पहिलं पाणी, मातकट, पानं-काटक्या घेऊन. ओनेसिमो पाण्याच्या पुढे पुढे काठाने चालत होता. मी जर्दाळूची गोड पाई भाजून नेली होती. सराव केलेलं सगळं विसरले.

"हे घे," म्हणाले.

त्याने घेतली. वास घेतला. "शाळेचे?"

"शाळेचे."

"चांगले असतात," म्हणाला. आणि आम्ही पाणी शाळेच्या झाडांपर्यंत पोचेस्तोवर बरोबर चाललो. माफी मागायची राहूनच गेली.

११ जून

मिळाली! सनद मिळाली! रेनाल्दोने फोनवर ओरडूनच सांगितलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळा सुरू. म्हणजे दामारिस आठवी करून थेट नववीत, इथे, चालत जायच्या अंतरावर.

आयोगाच्या निकालपत्रात म्हणे एक ओळ आहे: या गावाच्या पाठिंब्याची पाहणी आम्ही प्रत्यक्ष जागेवर केली.

इव्हॉनला मी सांगितलं. ती म्हणाली, "खोली तशीच ठेवते. सुट्टीत येऊ दे तिला. विमानाने." रडत होती पोर. मीही रडले. तिचीही लेक आहे ना ती, माझी एकटीची नाही. नाताळात तू इकडे ये आणि चांगली दोन आठवडे राहा, असं तिला बजावलं. येते म्हणाली.

आज जाऊन ती पाटी काढून टाकली.

२७ मार्च

वहीत वर्षभर मध्ये मध्येच लिहिलं. आकडे बरे आहेत असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आजचं मात्र लिहायलाच हवं.

आज गाळाचा शनिवार. मी माझे स्वतःचे बूट घालून, एलिसेओचं फावडं घेऊन पाटावर गेले. सेफेरिना म्हणाली, "अगं बाई, माफी रद्द झाली का?" सबंध गावाला ठाऊक आहे आता. हसू देत.

हजेरी सुरू झाली. "किंताना!"

"हजर," मी म्हणाले.

ओनेसिमोने मान वर केली. "लिब्राडा, तुला..."

"गप्प बस. पुढचं नाव घे."

त्याने घेतली पुढची नावं. शेवटी टोपी सारखी केली आणि म्हणाला, "शाळा!" सवयीने त्याचं तोंड उत्तरासाठी उघडलं होतं.

पण त्याच्याआधी मागून आवाज आला, "हजर!" चौदा पोरांचा. दामारिस सगळ्यांत पुढे. ऑगस्टमध्ये नववीत बसणारी सगळी, कुणाच्या हातात बापाचं फावडं, कुणाच्या हातात बागेतलं खुरपं, आणि मागे रेनाल्दो. शाळेला अजून घंटा नाही, फळा नाही, पण ती आज पाटावर हजर होती.

ओनेसिमोने तोंड मिटलं. मग खाकरून म्हणाला, "संपली हजेरी," आणि नाक पुसायला पाठ फिरवली.

दुपारच्या जेवणाआधीच त्याचा वाटा खणून झाला. एकच वाटा आज. मग तो फावडं धरून काठावर उभा राहिला. इकडे बघ, तिकडे बघ. पोरं शाळेचा गाळ काढत होती, निम्मा एकमेकांच्या अंगावर. त्यांना दोन गोष्टी सांगायला गेला, तर दामारिस म्हणाली, "तुमचं झालं ना, जा." आता काय करावं हे त्या माणसाला कळेना. बारा वर्षांत पहिल्यांदा रिकामा.

माझा वाटा निम्मासुद्धा झाला नव्हता. कंबर मोडून आली होती.

"ओनेसिमो," मी हाक मारली, "नुसता उभा काय राहिलास? ये की इकडे. अर्धा राहिलाय माझा."

तो पाटात उतरला. आम्ही अंधार पडेपर्यंत खणत होतो.

दाब १५०. ताण: नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर फावडं मारलं म्हणून सांगायचं.